आई-बाबांचा मुक्काम वाढवायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई-बाबा ४ नोव्हेंबर २०१९ ला बी-२ (पर्यटक) व्हिसावर आमच्याकडे न्यू जर्सीला आले. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आय-९४ वर, म्हणजे इथे किती दिवस राहता येईल त्या नोंदीवर, ३ मे २०२० हीच तारीख आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं परतीचं तिकीट रद्द झालं, कोरोनामुळे भारतात विमानं उतरणं मार्चपासूनच बंद आहे. आज १२ एप्रिल २०२०, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे.

मुक्काम वाढवून मागायचा अर्ज, आय-५३९, भरायला घेतलाय. फी ३७० डॉलर, शिवाय बायोमेट्रिक्सचे (बोटांच्या ठशांचे) माणशी ८५. बाबांच्या नावाने एकच अर्ज करून आईसाठी आय-५३९ए हा पुरवणी फॉर्म जोडू, की दोघांचे वेगळे पाठवू? रद्द तिकिटाचा ईमेल, माझं बँक स्टेटमेंट आणि पत्र एवढं पुरतं का? सध्या बोटांचे ठसे घेणारी केंद्रंही बंद आहेत, त्यामुळे अर्ज अडतो का?

बाबा रोज सकाळी बीपीच्या गोळ्यांची पाकिटं मोजतात. पुण्याहून आणलेल्या आता अठराच उरल्यात. इथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी कशी मिळवलीत, तेही सांगा. आई तर "आपण बेकायदेशीर ठरू का गं?" एवढंच विचारत राहते.

या महिन्यात कुणी अर्ज केला असेल तर कृपया लवकर कळवा.