गोचीड गाईवरून जातात, गोठ्यातून जात नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाव संगमनेर तालुक्यात. तीन एचएफ (होल्स्टीन या विदेशी जातीच्या) संकरित गाई, एक गावठी, दोन कालवडी. मी पुण्यात नोकरीला, गोठा आई-आबा बघतात.

गेल्या श्रावणात आठ महिन्यांची कालवड गेली. ताप, डोळे लाल, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी. आम्ही दोन दिवस 'हवा बदलली' म्हणत बसलो, तेवढ्यात उशीर झाला. यंदा दुसऱ्या वेताची गाय तशीच बसली. १०६ ताप, सकाळचं दूध ९ लिटरवरून ३ वर. डॉक्टरांनी आधी विचारलं, लघवी कॉफीसारखी होते का? नाही म्हटल्यावर कानाचं रक्त काचेवर घेऊन तपासायला पाठवलं. थायलेरिया निघाला, म्हणजे गोचिडीतून रक्तात शिरणारा जंतू. ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं, गाय उठली. (कॉफीसारखी असती तर बबेसिया या गोचिडीच्याच दुसऱ्या जंतूचा संशय आणि औषध वेगळं. आम्ही आजवर दोन्हीला 'गोचीड ताप'च म्हणायचो.)

आता खरी अडचण. गोचीड मारायचं डेल्टामेथ्रिन फवारलं की गाय स्वच्छ, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. परवा रात्री लाईट गेलेली, म्हणून मोबाईलचा टॉर्च भिंतीवर धरला. जुनी दगडमातीची भिंत. फटीत एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या माद्या! काडीने एक ओढली तर मागे खसखशीसारख्या तपकिरी अंड्यांचा गोळा. आईने रॉकेलचा डबा आणला, पण किती वेचणार?

भिंत पाडून सिमेंटची करू का? आबा म्हणतात, शेणाने सारवलं की झालं. औषधही त्यांनी मागच्या खेपेला दुप्पट घातलं, आणि एक गाय सात महिन्यांची गाभण आहे. शेजारी भिंतीतल्या गोचीड जाळायला फ्लेम गन (ज्योत फेकणारी नळी) देतो म्हणतोय. शिवाय गावठीच्या अंगावरही गोचीड आहेत, तिला काहीच कसं होत नाही?

प्रतिसाद १
दादा, मी पशुवैद्यक आहे, पण गोठा न बघता लिहितोय, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

भिंतीत लपणारी ती बहुतेक हायलोमा जातीची गोचीड. तिचं पिल्लू एका जनावराचं रक्त पितं, खाली पडतं, फटीत कात टाकतं आणि मोठं होऊन दुसरं जनावर धरतं. थायलेरिया या कात टाकण्यातून टिकतो, अंड्यांतून मात्र उतरत नाही. म्हणजे अंड्यातलं पिल्लू कोरं असतं, त्याला रोग तुमच्याच गोठ्यात मिळतो. आजारातून उठलेली गाय बरी दिसते, पण रक्तात जंतू राहू शकतात. कालवड तिच्या शेजारी बांधली आहे का, ते आधी बघा.

बबेसियाची गोचीड वेगळी. ती एकाच जनावरावर वाढते आणि रोग अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये अमेरिकेत टेक्सास तापावर (हा बबेसियाचाच आजार) हेच दाखवलं. रोनाल्ड रॉसला डासात मलेरिया सापडला तो १८९७ मध्ये, म्हणजे मान गोचिडीचा आधी!

दुप्पट औषध अजिबात नको, गाभणीला तर नकोच. बाटलीवरच्या मापाने, पण कास, आंचळांमधली जागा, शेपटीखाली, कानात नीट लावा. बहुतेक लोक पाठच भिजवतात. त्याच दिवशी जनावरं बाहेर काढून भिंतही फवारा, मग फटी सिमेंटने बुजवा. पाडायची गरज नाही. शेणाचं सारवण वाळलं की तडकतं, पुन्हा घर तयार. एवढं करून फरक नाही पडला तर औषधाचा गट बदलायचा. फ्लुमेथ्रिन घेतलंत तर तो गट तोच, अमिट्राझ वेगळ्या गटातलं.

गावठी जनावरं या रोगाला बरीच दाद देत नाहीत, संकरित मात्र लगेच लोळतात. कालवडींना थायलेरियाची लस मिळते का विचारा. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे सगळीकडे नसते.

प्रतिसाद २
आमच्याकडे लम्पीची लस झाली आहे. मग गोचीड ताप येणार नाही ना?

प्रतिसाद १ (पुन्हा)
येईल. लम्पी विषाणूचा, मुख्यतः चावणाऱ्या माश्या आणि डासांतून पसरतो. त्या लसीचा थायलेरियाशी संबंध नाही.

मूळ प्रश्नकर्ता
डॉक्टर, खूप आभार. कालवड त्याच गाईशेजारी होती, आईला फोन करून आत्ताच हलवायला सांगितली. फ्लेम गनला नाही म्हटलं, गोठ्याच्या माळ्यावर अख्ख्या वर्षाचा कडबा आहे. एक राहिलंच: फवारलेल्या दिवशीचं दूध डेअरीला घालायचं का? बाटलीवरचं बारीक छापलेलं आबांना वाचता येत नाही, मी रविवारी जाऊन फोटो टाकतो.