फ्लॉइड प्रकरणानंतरचे आंदोलन आणि पोलीस सुधारणा: मंडळातील चर्चेसाठी माहिती हवी

पाचपाखाडीकर
आमच्या संकुलातील वाचक मंडळाच्या पुढील बैठकीसाठी मी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरचे अमेरिकेतील आंदोलन आणि पोलीस सुधारणेची मागणी हा विषय सुचवला आहे. तो सुचवताच दोन आक्षेप आले. काही सभासदांच्या मते हा अमेरिकेचा अंतर्गत प्रश्न असून ठाण्यात बसून त्यावर बोलण्यात अर्थ नाही. इतरांना 2020 मधील जाळपोळीची दृश्ये आठवतात, आणि पोलिसांचा निधी काढून घ्या म्हणणारे लोक शहर गुंडांच्या हाती द्यायला निघाले होते असे त्यांना वाटते. हा दुसरा आक्षेप मला सहज बाजूला सारता येत नाही, कारण रात्री उशिरा स्टेशनवरून एकटीने घरी येताना चौकात पोलीस दिसला की मलाही धीर येतो. तेथील कृष्णवर्णीय वस्त्यांना ती मागणी मान्य होती का, तिचे पुढे काय झाले, आणि आपल्याकडच्या कोणत्या प्रश्नाशी तिची सांगड घालणे योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशीचा वाचक
ताई, ही घटना घडली त्या मिनियापोलिस शहरात मी त्या काळात नोकरीनिमित्त राहत होतो. 25 मे 2020 रोजी एका पोलीस अधिकाऱ्याने फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला, हे आज सर्वांना ठाऊक आहे. परंतु पोलीस खात्याने सुरुवातीला काढलेल्या पत्रकात गुडघ्याचा उल्लेखही नव्हता आणि मृत्यूचे कारण वैद्यकीय असल्याचे सुचवले होते. तेथे उभ्या असलेल्या 17 वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केले नसते, तर ते पत्रकच सरकारी सत्य ठरले असते. त्या अधिकाऱ्याला पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. लोकांच्या संतापाचे मूळ त्या पत्रकातही होते, हे आपल्या सभासदांना आवर्जून सांगावे.

जाळपोळ झाली, हे खरे आहे. गांधी महल नावाचे एका बांगलादेशी गृहस्थाचे उपाहारगृह त्यात जळाले, आणि तरीही आपली इमारत जळाली तरी चालेल पण न्याय झालाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मात्र मोठी माणसे दुकानांच्या काळजीत होती आणि मुले फलक घेऊन मोर्चाला जात होती, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर रोज वाद होत असे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की, वस्त्यांना पोलीस हवे होते. ऑगस्ट 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत 81 टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या भागात पोलिसांची उपस्थिती आहे तेवढी किंवा त्याहून अधिक असावी असे म्हटले होते. मिनियापोलिसच्या नगर परिषदेच्या बहुसंख्य सदस्यांनी पोलीस खाते मोडीत काढण्याची जाहीर ग्वाही दिली होती. परंतु नोव्हेंबर 2021 च्या मतदानात खात्याच्या जागी नवा विभाग आणण्याचा प्रस्ताव नागरिकांनीच फेटाळला. पोलीस सुधारणेच्या केंद्रीय कायद्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. मिनियापोलिसमधील सुधारणांवर न्यायालयाची देखरेख ठेवणारा केंद्र सरकारचा करारही मे 2025 मध्ये त्याच सरकारने मागे घेतला. राज्य पातळीवरचा करार मात्र कायम आहे.

कळवेकर
अंतर्गत प्रश्न म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की, महात्मा फुले यांनी 1873 साली आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली, आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नावही तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच घेतले. आपल्या माणसांनी हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच आपला मानला होता.

एक वकील, ठाणे
सांगड कशाशी घालावी, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बदलापूरमधील शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि गुन्हा नोंदवण्यास पोलिसांनी लावलेला विलंब हे त्यांच्या संतापाचे एक मुख्य कारण होते. 23 सप्टेंबर रोजी त्याच प्रकरणातील आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या वाहनात गोळी लागून मरण पावला, तेव्हा मात्र पेढे वाटले गेले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले, आणि एप्रिल 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. ज्या पोलिसांवर तक्रार लिहून घेण्यापुरताही आपला विश्वास नव्हता, त्यांच्याच हाती महिनाभरात आपण न्यायनिवाडा सोपवून मोकळे झालो, याचे मला अतोनात दुःख होते. या विषयावर बैठकीत वाद होईल, आणि तो व्हावा.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांनीच करू नये, ही मागणी दोन्ही देशांत समान आहे. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या सात निर्देशांपैकी एक स्वतंत्र तक्रार प्राधिकरणाचा होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून असे प्राधिकरण निर्माण केले, परंतु त्याचा अहवाल शेवटी सरकारकडेच जातो, आणि असे प्राधिकरण आहे हे माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी क्वचितच कुणाला माहीत असते. डिसेंबर 2020 मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. वाशीच्या वाचकांनी उल्लेख केलेल्या मोबाइलचे काम कोठडीत करू शकेल अशी वस्तू तीच आहे, म्हणून ती चालू आहे की बंद हे विचारण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यावी.

ऐरोलीची वाचक
माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. वकील काकांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु प्रकाश सिंह खटल्याच्या त्याच निकालाने महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा आणि तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करावे असेही सांगितले होते, आणि ही बाजू चर्चेत नेहमी राहून जाते. गणपती, दहीहंडी आणि निवडणुकांचा बंदोबस्त उरकून पहाटे घरी आलेला माणूस त्याच दिवशी तपासाचे कागद हाती घेतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे मारहाणीचे समर्थन होत नाही, आणि वडीलही ते कधी करत नाहीत. मात्र वरून आलेल्या फोनला नकार दिला तर बदली होणार नाही ही खात्री हवालदाराला कुणी दिली पाहिजे, असे ते नेहमी विचारतात. बैठक बाहेरच्यांसाठी खुली असेल तर ताईंनी तारीख कळवावी, मी त्यांना घेऊन येईन.