मेंदूचे आजार रुग्णांच्या आत्मकथनांतून शिकता येतात का? ऑक्युपेशनल थेरपिस्टांना एक प्रश्न

प्रश्न : पांझराकाठ (धुळे)

नमस्कार. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी थेरपिस्ट, असून धुळे शहरात काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत पक्षाघाताचे रुग्ण सर्वाधिक असतात. त्याखालोखाल कंपवात, मणक्याची दुखापत आणि अधूनमधून गिलाँ-बारे सिंड्रोम (नसांवर आघात होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार). मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली म्हणजे काय बिघडते, हे पाठ्यपुस्तकातून आम्ही व्यवस्थित शिकलो. पण तो बिघाड अंगावर घेऊन माणूस सकाळी उठतो कसा, सदऱ्याची गुंडी लावतो कशी, चारचौघांत जेवायला बसण्याचे का टाळतो, याविषयी त्या पुस्तकांत फारच थोडे सापडते. म्हणून आम्ही काही सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यासगट सुरू केला असून रुग्णांनी स्वतः लिहिलेली किंवा सांगितलेली कथने त्यात वाचावीत, असा विचार आहे.

गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा याला आक्षेप आहे. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय अशी पुस्तके लिहिणारे बहुतेक परदेशी आणि उच्चशिक्षित असतात, रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या माणसाशी त्यांचा काय संबंध, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हा आक्षेप झटकून टाकावासा वाटत नाही. कोणती कथने वाचावीत, ती कशी वाचावीत आणि आपल्या भागातील रुग्णांची कथने कशी नोंदवावीत, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर : गिरणाकाठ (जळगाव)

ताई, तुमच्या सहकाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. एखादा उपचार गुणकारी आहे की नाही, हे एका कथनावरून ठरवू नये. कथनाचा उपयोग त्याआधीच्या टप्प्यावर होतो, कारण काय विचारायचे आणि कुठे पाहायचे हे त्यातून सुचते.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली झासेत्स्की या सैनिकाची हकीकत गटात अवश्य घ्या. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कजवळच्या लढाईत डोक्याला गोळी लागून त्याच्या मेंदूच्या डाव्या मागील भागाला इजा झाली. उजवीकडचे दिसेनासे झाले, अक्षरे ओळखू येईनात, साधे शब्द आठवेनात. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला जमत नव्हते. मात्र अक्षरागणिक न थांबता, हात न उचलता शब्द सलग लिहून पाहा, असे रुग्णालयात सुचवले गेले आणि हात लिहू लागला. पुढे सुमारे पंचवीस वर्षे तो लिहीत राहिला, पाने जवळपास तीन हजार झाली, आणि स्वतःचेच लिहिलेले वाचणे मात्र त्याला अखेरपर्यंत अत्यंत कष्टाचे गेले. सवयीत मुरलेली हालचाल शाबूत असूनही जाणीवपूर्वक जुळवलेली हालचाल मोडून पडू शकते, हे वाक्य आपण परीक्षेत लिहितो. त्याचा अर्थ येथे समजतो. कृतीचे तुकडे करून शिकवण्यापूर्वी ती पूर्ण कृती, नेहमीच्या जागी आणि नेहमीच्या वस्तूंनिशी, एका ओघात करवून पाहावी, हा विचार मला याच हकीकतीवरून सुचला.

दुसरे कथन जिल बोल्टे टेलर यांचे आहे. मेंदूच्या रचनेच्या या अभ्यासक बाईंना १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, डाव्या गोलार्धात रक्तस्राव झाला आणि सावरण्यास आठ वर्षे लागली. आजारपणात आपल्याला कशाकशाची गरज होती, अशा चाळीस गोष्टींची यादी त्यांनी पुस्तकाच्या शेवटी दिली आहे. ती वाचताना आपल्या विभागातील गोंगाट, घाईने दिलेल्या सूचना आणि थकलेल्या रुग्णाला दिलेला ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा डोळ्यांसमोर येतो.

आता परकेपणाचा मुद्दा. पुस्तकातली परिस्थिती उचलून आणायची नसते. आपल्या रुग्णाला कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढे त्यातून घ्यायचे असते. रोजच्या कामांत रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा बार्थेल निर्देशांक १९६५ चा आहे. त्यात खाणे, अंघोळ, कपडे, चालणे, जिने असे दहा घटक असून गुण शंभर. पण जमिनीवर मांडी घालून बसणे त्यात नाही, चुलीपुढचे काम नाही, शेताच्या बांधावरून चालणे नाही.

चोपड्याकडच्या एका वयस्कर बाईंना मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला होता. काही महिन्यांत त्यांचे बार्थेलचे गुण जवळपास पूर्ण झाले आणि कागदावर उपचार संपल्यासारखेच होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे करणार का, असे विचारल्यावर मात्र त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवून कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद खापरावर (चुलीवरच्या उपड्या मातीच्या भांड्यावर) टाकायचा, हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलेले. आता मांडा डावीकडे कधी लोंबतो ते कळत नाही, फाटल्यावरच समजते, असे त्या म्हणाल्या. ताटातली डावीकडची चटणी आणि लिंबाची फोड तशीच राहते, हे सुनेने सांगितले. बाईंच्या ते लक्षातही आले नव्हते. डाव्या बाजूकडे होणारे दुर्लक्ष, हाताच्या स्थितीची कमी झालेली जाण आणि उष्णतेची बोथट संवेदना अशा तीन गोष्टी या एका बोलण्यातून पुढे आल्या आणि तपासणीत त्या पक्क्या झाल्या. त्यानंतर आधी ओला पंचा, मग कणीक, मग थंड खापर, आणि अगदी शेवटी, सून डाव्या बाजूला उभी असताना, तापलेले खापर असा क्रम आम्ही ठरवला. ताकदीचे व्यायाम पूर्वीपासून चालूच होते, पण हा क्रम त्यांतून सुचणे शक्य नव्हते.

यात एक मर्यादा ठळकपणे दिसते. मेंदूच्या काही आजारांत स्वतःच्या उणिवेची जाणीवच हरपते. ‘हाऊ हात मना नही’ (हा हात माझा नाही) असे स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहून ठामपणे सांगणारे रुग्ण आपण पाहतो. अशा वेळी रुग्णाचे कथन त्याला काय वाटते हे खरेपणाने सांगते, पण त्याला काय जमते हे सांगत नाही. म्हणून घरच्यांचे कथन शेजारी ठेवावे आणि दोन्हींत कुठे फरक पडतो ते प्रत्यक्ष कृतीत पाहावे. मला विचाराल तर या पद्धतीचे सगळे शिक्षण या फरकात आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक (अमळनेर)

मी थेरपिस्ट नाही. मला कंपवात आहे आणि आपली चर्चा वाचून लिहावेसे वाटले.

ज्या जेम्स पार्किन्सन यांचे नाव या आजाराला मिळाले, त्यांनी १८१७ च्या निबंधात सहा रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांपैकी काही जणांना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते, असे माझ्या वाचनात आले. त्या वर्णनातील कंप, वाकलेली पाठ आणि धावल्यासारखी चाल मला आजही माझ्यात दिसते. परंतु उंबरठ्याशी आल्यावर पाय जमिनीला खिळतात, त्या वेळी मनात काय चालते, हे बाहेरून कोणालाच दिसणार नाही. पाय उचलायचा आहे हे मला पूर्ण ठाऊक असते. हुकूम निघतो, पण पोहोचत नाही. मागून कोणी ‘चला, चला’ म्हटले की ते आणखी अवघड होते. माझ्या थेरपिस्ट ताईंनी ओट्यावर खडूने आडव्या रेघा मारून दिल्या आणि रेघ ओलांडायची असे ठरवल्यावर पाय सुटू लागले.

आपणांस दोन विनंत्या आहेत. पहिली, रुग्णाला नेहमी ‘किती वाजता’ हे विचारावे. गोळीचा अंमल असताना मी वर्तमानपत्र वाचतो, चहा करतो. अंमल ओसरला की कूसही बदलता येत नाही. सकाळी अकराला तपासणारा आणि दुपारी तीनला तपासणारा असे दोघे जण माझ्याविषयी परस्परविरोधी अहवाल लिहितील आणि दोन्ही खरे असतील. माझे अक्षर बारीक होत गेल्याने एका बँकेत सही जुळेना आणि पेन्शनसाठी मला खेटे घालावे लागले. जाड रेघांच्या कागदावर मोठी अक्षरे गिरवण्याचा सराव त्या अडचणीतून सुरू झाला.

दुसरी विनंती अशी की, केवळ धीराच्या गोष्टी गोळा करू नयेत. ऐकणाऱ्याला जिद्दीची हकीकत आवडते म्हणून सांगणाराही तशीच सांगू लागतो. मला राग येतो, रात्री भीती वाटते, आणि पत्नी माझ्यामुळे दमते हे मला दिसते. हेही आपल्या वहीत यावे.

उत्तर : सातपुडा (नंदुरबार)

गुरुजी, ‘किती वाजता’ हा प्रश्न मी आजपासून माझ्या तपासणीच्या कागदावर छापून घेत आहे.

आमच्या भागाची अडचण वेगळी आहे. भिल्ल आणि पावरा समाजात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि हा आजार मुलांमध्येही पक्षाघात घडवू शकतो. योग्य प्रतिबंध न झाल्यास सिकल सेल ॲनिमिया असलेल्यांपैकी शंभरांत सुमारे अकरा जणांना विशीपर्यंत पक्षाघात होतो, असे अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसले होते. त्याहून फसवे असतात ते मेंदूतील मूक आघात. त्यांत हातपाय लुळे पडत नाहीत. मूल वर्गात मागे पडते, सांगितलेले विसरते, आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. अशा मुलाचे कथन आईकडे, आश्रमशाळेतील शिक्षकांकडे आणि सोबत खेळणाऱ्या मुलांकडे विखुरलेले असते. ते गोळा केल्याशिवाय कोणालाच संशय येत नाही.

त्यातच भाषा. आई भिलीत किंवा पावरीत बोलते आणि दुभाषा म्हणून घरातला एखादा शिकलेला पुरुष पुढे येतो, जो तिचे दहा वाक्यांचे बोलणे एका वाक्यात गुंडाळतो. शक्य तेथे आशाताईंना (गावच्या आरोग्यसेविकांना) सोबत घ्यावे आणि आईने केलेल्या हातवाऱ्यांचीही नोंद ठेवावी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यामुळे पुन्हा भेट होईल हे गृहीत धरू नये.

पांझराकाठ (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या बैठकीत झासेत्स्कीची हकीकत आणि गुरुजींनी येथे लिहिलेले निवेदन, त्यांची परवानगी असल्यास, शेजारी ठेवून वाचू. प्रत्येकाने वाचताना कृती, वेळ, जागा आणि सोबतचे माणूस या चार गोष्टी वेगळ्या टिपाव्यात आणि त्यानंतरच निदानावर बोलावे, असे ठरवत आहोत. आक्षेप घेणारे सरही येणार आहेत. घरच्यांच्या कथनाशी ताडून पाहण्याची पद्धत त्यांना पटली.

एक शंका उरते. वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलता न येणाऱ्या, रुग्णाचे कथन नोंदवायचे तर संमती कशी घ्यावी? मुलाने सही केली म्हणजे पुरेसे होते का?

गिरणाकाठ (जळगाव)

माझ्या मते होत नाही. वाचाघातात बोलणे गेलेले असले तरी समजणे बऱ्याचदा बरेच शिल्लक असते, म्हणून आधी ते किती आहे हे तपासावे. मग वही, फोनचा कॅमेरा, गटातले लोक अशी चित्रे एकेक करून दाखवावीत आणि एका वेळी एकच, हो-नाही असे उत्तर येणारा प्रश्न विचारावा. काही रुग्णांचे ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल होते. त्यासाठी तोच प्रश्न उलट करून पुन्हा विचारावा, आणि दुसऱ्या दिवशी, मुलगा खोलीत नसताना, आणखी एकदा. तिन्ही वेळा उत्तर जुळले तर लिहावे. नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील तेव्हाही वगळावा, कारण आपल्या तालुक्यांत आजार आणि धंदा एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो.

निवृत्त शिक्षक (अमळनेर)

माझी परवानगी आहे. फक्त रात्रीच्या भीतीबद्दलचे वाक्य गाळू नये.