शाळेतला भूगोल: तुमचे अनुभव

कृष्णाकाठची:
काल माळा आवरताना महाराष्ट्राचा जुना गुंडाळीचा नकाशा सापडला, खालची कड उंदरांनी खाल्लेली, सिंधुदुर्ग पार गायब. बघताना एकदम 1998 आठवलं, वाई तालुक्यात झेडपीच्या शाळेवर होते, चौथीचा वर्ग, कृष्णा शाळेच्या मागूनच वाहायची. नद्या समुद्राला मिळतात म्हटलं तर एक पोरगं उठलं, "बाई, समुद्र तर घाट उतरला की हाय, मग ही उलटी का जाती?" महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत 64 किमी, आणि ही बया हजारावर किमी हिंडून बंगालच्या उपसागराला. दुसऱ्या दिवशी घरनं जेवणाचा पाट नेला, पश्चिमेच्या टोकाखाली वीट, हे सह्याद्री, हे दख्खनचं पठार, आणि तांब्याने पाणी ओतलं. ते गेलं थेट तपासणीला आलेल्या साहेबांच्या चपलांत. पोरं ओरडली, "बाई, उपसागर भरला!"
तुमचेही लिहा.

खडूफळा:
😂😂 माझ्या वर्गात उत्तर दिशा दाखवा म्हटलं की अर्धी पोरं पंख्याकडे बोट करायची, नकाशात उत्तर वर ना! शेवटी नकाशा भिंतीवरून काढून फरशीवर अंथरला, सूर्य बघून फिरवला, तेव्हा डोक्यात शिरलं. तरी चंबळ उत्तरेकडे वाहते हे कोणी मानेना, "सर, पाणी वर कसं चढेल?"

तीसजिल्हे:
मी 30 जिल्हे पाठ केलेत छड्या खाऊन. आता लेक म्हणते 36. पालघर 2014 ला झाला हे मान्य पण मी ठाण्यातच धरतो, पाठांतर वाया जाऊ देणार नाही

रानमेवा:
उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवा ताई

खडूफळा:
डांबरगोळ्यांनी झुरळंपण जात नाहीत हो. मांजर पाळा.

बदलीवाले:
तिसरीला ज्या त्या जिल्ह्याचा भूगोल असायचा ना, बाबांची बदली वर्षाच्या मधेच, रत्नागिरीहून बीड. पेपरात जिल्ह्यातलं प्रमुख फळ आंबा आणि व्यवसाय मासेमारी लिहून आले. गुरुजींनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, पुढं वर्षभर मला सगळे "ए पापलेट". नवीन गाव, एक मित्र नाही, तेव्हा फार रडलेलो.

रानमेवा:
अरेरे 😔 पापलेट खाता का अजून?

बदलीवाले:
शाकाहारी आहे हो 😄

तीसजिल्हे:
ताई ते साहेबांचं पुढं काय झालं?

कृष्णाकाठची:
चपला उन्हात वाळत घातल्या आणि शेरेबुकात लिहून गेले, "साहित्याचा वापर चांगला." पाट अजून आहे, दिवाळीला अभ्यंगाला काढतो. मांजर नको, ह्यांना शिंका येतात.