शब्दचर्चा : ‘प्रतिकारक बनणे’, ‘दाद न देणे’, ‘तग धरणे’

फोंड्याहून :
भाची ताळगावच्या पठारावर जैवतंत्रज्ञान शिकते. तिच्या प्रकल्पाविषयी चार ओळी आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मराठीत हव्या होत्या. तिने मोबाइलकडून भाषांतर करून घेतलं आणि पाठवलं : ‘सुसंस्कृत कर्करोगपेशी प्रतिपिंडांच्या हल्ल्यास प्रतिकारक बनतात.’ प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, ते कळलं. पण ‘कल्चर्ड’चं सुसंस्कृत! उंबऱ्याबाहेर चपला काढून आत येणाऱ्या पेशी डोळ्यांपुढे आल्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी त्या, म्हणून तिथे मी ‘संवर्धित’ केलं. मत्स्यसंवर्धन, ऊतिसंवर्धन ही वाट मळलेली आहे. पण पुढचं ‘प्रतिकारक बनतात’ घशात अडकलंय. चूक म्हणता येत नाही, पण गिळवतही नाही. काय म्हणावं?

पेडण्याहून :
अडकतंय ते ‘प्रतिकार’मुळे, बाय. रोगप्रतिकारशक्ती म्हणताना प्रतिकार करणारं आपलं शरीर असतं. इथे कर्करोगाची पेशीच प्रतिकारक झाली, म्हणजे दशावतारात संकासुराने देवाचा मुकुट घालून यावं तसं. वाचणारा गोंधळणारच. ‘प्रतिरोध’ चालेल, पुस्तकांत तो आहेही, फक्त कोरडा आहे.
घरातला शब्द विचाराल तर ‘दाद न देणे’. ताप औषधाला दाद देत नाही, असं आम्ही अजून म्हणतो. दाद मुळात फारसी, अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागायची आणि मैफलीत गाणाऱ्याला द्यायची. दवाखान्यातली दाद त्याच घरची. अडचण एकच, त्याचं नाम होत नाही. ‘बेदाद’ करायला जावं तर फारसीत तो अन्याय.

म्हापशाहून :
जरा बाजूचा प्रश्न. ‘प्रतिपिंड’ वाचलं की मला तर्पण आणि कावळा आठवतो. ‘प्रतिद्रव्य’ का नको?

पेडण्याहून :
‘प्रतिद्रव्य’ही छापतात, वापरा खुशाल. पण पिंड म्हणजे फक्त भाताचा गोळा नव्हे. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला पिंड देह आहे. जर्मन वैज्ञानिक पाउल एर्लिख यांनी १८९१ साली जर्मनमध्ये ‘आंटिक्योर्पर’ लिहिलं, त्यातल्या ‘क्योर्पर’चाही अर्थ देह. म्हणजे आपला शब्द मुळाला धरून आहे. याच एर्लिखांच्या प्रयोगशाळेत औषधाने न मरणाऱ्या जंतूंना ‘फेस्ट’ म्हणत, म्हणजे पक्के, घट्ट. गोव्याच्या माणसाला फेस्त म्हटलं की चर्चचा बँड आणि खाज्याची दुकानं दिसणार, म्हणून तो शब्द घ्यायचा मोह आवरलेला बरा.

बांबोळीहून :
मी भाषेतला नव्हे, बाटलीतल्या पेशींना दिवसाआड खाऊ घालणारा माणूस. शब्द ठरवण्याआधी बाटलीत काय घडतं ते बघा, कारण तुमच्या ‘बनतात’मध्ये दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्यात.
नुसतं प्रतिपिंड ओतून पेशी सहसा मरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाला, म्हणजे ज्या रेणूला ते ओळखतं त्याला (अँटिजेनला), चिकटतं, म्हणजे खूण करून ठेवतं. मारायचं काम रक्तद्रवातल्या ‘पूरक’ प्रथिनांचं. ती शेवटी पेशीच्या आवरणात कडं धरून भोक पाडतात. हा रक्तद्रव ५६ अंशांवर अर्धा तास तापवला की पूरक प्रथिनं निकामी होतात, म्हणून तुलनेसाठी एक बाटली आम्ही तशी ठेवतो.
आता मारा केल्यावर बहुतेक पेशी मरतात, सगळ्या नाही. का? काहींवर तो प्रतिजन नसतोच किंवा अगदी तुरळक असतो. काहींवर सीडी-५९ नावाचं प्रथिन जास्त असतं, ते पूरकांचं कडं पुरं होऊ देत नाही. काही तर भोक पडलेला आवरणाचा तुकडाच बाहेर टाकून देतात, फाटलेली बाही कापून टाकावी तसा. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींत हर-२ या प्रतिजनावर म्यूक-४ या लांबलचक प्रथिनाचं पांघरूण असतं, त्यामुळे हर-२ला चिकटणारं ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध खालपर्यंत पोचत नाही. आणखी काहींत हर-२चा बाहेरचा भागच नसतो, आतला बुंधा मात्र ‘वाढा, वाढा’ असा हुकूम देत राहतो.
वाचलेल्या पेशी वाढवायच्या, परत तोच मारा, परत वाचलेल्या वाढवायच्या. काही फेऱ्यांनी बाटलीभर तसल्याच. यात कुठलीही एक पेशी काही शिकली नाही, बाटलीतली वस्ती बदलली. लुरिया आणि डेलब्रुक या वैज्ञानिकांनी १९४३ साली जिवाणूंवर हेच दाखवलं होतं. विषाणूला न मरणारे जिवाणू विषाणू यायच्या आधीपासून गर्दीत होते.
पण इथेच थांबलो तर अर्धसत्य होईल. १९६८ साली लॉइड ओल्ड, एडवर्ड बॉइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी घेतल्या. त्यांच्यावर टीएल नावाचा प्रतिजन असतो. त्याचं प्रतिपिंड लावून पेशी उबेत ठेवल्या, तर पृष्ठभागावरून टीएल नाहीसा! मग पूरक ओतलं तरी पेशी जिवंत. प्रतिपिंड काढून घेतलं, तर प्रतिजन परत हजर. इथे कुणी मेलं नाही, निवड झाली नाही, जनुक बदललं नाही. त्याच पेशीने वागणं बदललं. या दोन्हींना तुम्ही एकच क्रियापद लावताय.

म्हापशाहून :
मग ‘सरावतात’ किंवा ‘अंगवळणी पडतं’ म्हणा की. डासांच्या अगरबत्तीचं तसंच होतं ना?

बांबोळीहून :
नाही हो. हाच शब्द सगळ्यात फसवा आहे. सरावणं म्हणजे सोसत सोसत त्याच जिवाला सवय होणं, जशी तिखटाची होते. पहिल्या प्रकारात ज्याने सोसलं तो मेलेला असतो. आणि तुमच्या घरचे डास सरावलेत असं वाटतं, तेही बरेचदा उरलेल्यांचे वंशज असतात.

दिवाडीहून :
दादा, तुमची बाटली म्हणजे आमचं खाजन, नदीकाठचं बांध घातलेलं शेत. बांध फुटला आणि नदीचं खारं पाणी शेतात चढलं की जया, ज्योती ही भातं जळून जातात, कोरगूट हे खाऱ्यातलं भात उभं राहतं. कोरगूट खाऱ्याला सरावलं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, ते तगलं म्हणतात. मिसळलेलं बी पेरलं तर पुढच्या वर्षी बियाण्याला काय उरणार, हे सांगायला वैज्ञानिक नको.
तुमचा दुसरा प्रकार म्हणजे मानशीचं, बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार. भरतीचा रेटा आला की ते आपोआप मिटतं, ओहोटीला पुन्हा उघडतं. दार तेच, लाकूड तेच. त्या उंदराच्या पेशींनी तेवढंच केलं.

पेडण्याहून :
वा. दोन्ही क्रियापदं खाजनातच पडलेली होती आणि मी फारसी धुंडाळत बसलो. तगणे आणि मिटणे. शिवाय ‘तग’ हे नामही आहे, ‘तग धरणे’ सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ‘वाण’ शेतकऱ्याचाच शब्द. ‘प्रतिपिंडांपुढे तग धरणारा वाण’ कुणालाही कळेल.

म्हापशाहून :
कळेल, पण ‘तग धरणे’ आपण दुष्काळातल्या माणसाबद्दल म्हणतो. त्यात कौतुक आहे. कर्करोगाच्या पेशीचं कौतुक करायचं? त्यापेक्षा ‘निबर’ बरा. निबर भेंडीचं कुणी कौतुक करत नाही.

पेडण्याहून :
भेंडी निबर होते ती वयाने, एकेक. म्हणजे परत ‘त्याच जिवाचा बदल’ आला. कौतुकाचा मुद्दा मात्र मान्य. ‘तगलेल्या पेशी’ एवढंच म्हटलं तर ते जरा उतरतं.

बांबोळीहून :
कौतुक राहू द्या हो. रोज ज्यांना मारतो त्यांच्याबद्दल थोडं वाटतंच.

फोंड्याहून :
सगळ्यांचे आभार. ‘प्रतिकार’ शरीरासाठी राखून ठेवते. मथळ्यात ‘दाद न देणाऱ्या पेशी’ घालते, कारण तो दोन्ही प्रकारांना चालतो आणि घडलं कसं याचा निवाडा करत नाही. आतल्या मजकुरात, पेशी निवडून उरल्या असतील तर ‘तगलेल्या’, आणि प्रतिजन तात्पुरता आत घेतला असेल तर ‘पृष्ठभाग मिटून घेतलेल्या’.
हे सगळं भाचीला वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझ्या पेशींनी यातलं काय केलं? ती गप्प. प्रतिपिंड काढून टाकून पेशी काही दिवस तशाच वाढवायच्या आणि प्रतिजन परत येतो का ते बघायचं, हे तिने केलेलंच नव्हतं. सोमवारी नव्या बाटल्या लावते म्हणाली. भित्तिपत्रकावर क्रियापदाची जागा तोवर रिकामी ठेवली आहे.