मदत हवी आहे: खऱ्या उंचीच्या डेटावरून केलेल्या टेरेनमध्ये भिंती आणि पायऱ्या

नमस्कार मंडळी,

अनरियल इंजिन ५ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये साधारण ६४ किमी बाजूचा ओपन वर्ल्ड नकाशा करतोय. डोंगर हाताने कोरत बसण्यापेक्षा खऱ्या भूभागाची उंची वापरायची ठरवलं. माझा भाग नेमका एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या डेटाच्या) चार टाइल्सच्या, म्हणजे चौकोनी तुकड्यांच्या, कोपऱ्यावर येतो (१ आर्क-सेकंदवाल्या, म्हणजे सुमारे ३० मीटर). प्रत्येक टाइलची वेगळी पीएनजी करून हाईटमॅप (प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक उंची) म्हणून आत घेतली.

डोंगर लांबून झकास दिसतात. पण दोन टाइल्स भिडतात तिथे सरळ रेषेत भिंत उभी राहते. नदीकाठच्या सपाटीवर पायऱ्या पडल्यात. ८ बिटमुळे (उंचीला फक्त २५६ आकडे) असं होतं म्हणतात, पण माझ्या फाइल्स १६ बिटच आहेत. शिवाय सगळा प्रदेश पूर्व-पश्चिम ताणल्यासारखा वाटतो. अक्षांश ४५ च्या आसपास आहे.

स्मूथ ब्रश फिरवला की पायऱ्या जातात, पण ओढे-घळीही पुसल्या जातात. कुणी मार्ग सुचवेल का?

प्रतिसाद १

भिंतीचं कारण बहुतेक स्केलिंग. प्रत्येक टाइल स्वतःच्या किमान-कमाल उंचीवरून ० ते ६५५३५ मध्ये ताणली गेली असणार. एकीत कमाल ९०० मीटर, शेजारणीत २१००; मग सामाईक कडेवरची तीच उंची दोन्हीकडे वेगळ्या आकड्याने उतरते.

पीएनजी अगदी शेवटी करा. आधी जीडॅल (नकाशा-डेटाची मोफत साधनं) मधल्या बिल्डव्हीआरटी कमांडने चारही टाइल्स जोडा. रिकाम्या जागा (−३२७६८) भरून घ्या, नाहीतर पुढे तिथे विहिरी पडतील. मग योग्य यूटीएम झोनमध्ये (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) वार्प करा, म्हणजे त्यात रूपांतर करा; रिसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलची उंची काढायची रीत) क्यूबिक ठेवा. ताण यानेच जाईल: ४५ अक्षांशावर १ आर्क-सेकंद पूर्व-पश्चिम जेमतेम २२ मीटर भरतो आणि तुम्ही तो ३० धरताय. शेवटी सगळ्यासाठी एकच पल्ला, समजा ० ते २५००. झेड स्केल (उभ्या दिशेचं प्रमाण) १०० ला अनरियल ५१२ मीटरचा पल्ला देतं, म्हणून तुमचं झेड स्केल २५०० × १०० ÷ ५१२ = ४८८.२८. शून्य उंची मध्यावर धरली जाते, तेव्हा लँडस्केप (अनरियलमधला टेरेन) १२५० मीटर वर उचला.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण पायऱ्या त्याने जाणार नाहीत. एसआरटीएमच्या फाइलमध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच साठवलेली असते. कित्येक किलोमीटरमध्ये पाच मीटर उतरणाऱ्या सपाटीला पाच-सहाच आकडे मिळतात. आकडेच मोजके, तिथे १६ बिटचं भांडं मोठं असून काय उपयोग? क्यूबिकही फक्त पायरीची धार मऊ करतं, कारण पायरी कित्येक पिक्सेल रुंद असते.

ब्लर करायचाच तर आधी फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) आणा आणि उताराचा मास्क लावून फक्त सपाट भागावर करा. घळी वाचतील. त्याहून सोपं म्हणजे कोपर्निकस जीएलओ-३० हा युरोपचा उंचीचा डेटा घ्या. तोही ३० मीटरचाच, पण उंची दशांशात असते आणि जलाशय सपाट केलेले असतात. एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये शटलवरून ११ दिवसांत टिपलेला, हा टॅनडेम-एक्स उपग्रहांचा, बराच नंतरचा.

आणि कृपा करून १ मीटरचा ग्रिड करू नका. ६४ किमीत खरे नमुने एका बाजूला २१३३ च्या आसपास. १ मीटरने ६४,००० होतील, फाइल ८ जीबीची, आणि त्यातलं बहुतेक इंजिनालाही करता आलं असतं असं इंटरपोलेशन. ८१२९ चा लँडस्केप ८ मीटर अंतराने ठेवलात तर ६५ किमी बसतात. बारकावे नॉइज (कृत्रिम खडबडीतपणा) आणि इरोजनने (पाण्याच्या झिजेची नक्कल) भरा.

धागाकर्ता

एकच पल्ला ठेवल्यावर भिंत गेली, ताणही गेला. धन्यवाद! कोपर्निकसवर सपाटीही छान आली. आता जंगलाच्या कडेला जमीन एकदम पंधरा-वीस मीटर उचलली जातेय, हे काय?

प्रतिसाद २

ते झाडांचे शेंडे. दोन्ही डेटा रडारचे, जमिनीपेक्षा वरचा पृष्ठभाग टिपणारे. इमारतींची छपरंही त्यात येतात. एफएबीडीईएम नावाची कोपर्निकसचीच आवृत्ती आहे, तिच्यातून झाडं आणि इमारती वजा केल्यात. पण तिचा खुला परवाना अव्यावसायिक वापरापुरता आहे. गेम विकायचा असेल तर जंगलाचा मास्क काढून तेवढाच भाग हाताने खाली घ्या. मूळ कोपर्निकस विकाऊ गेममध्ये चालतो, फक्त श्रेयनामावलीत त्यांची ओळ टाकावी लागते.