अनुभव धागा: फासे टेबलावर की पडद्यावर?

मार्च २०२० पर्यंत आम्ही पाच जण दर रविवारी माझ्या कोथरूडच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळायचो. लॉकडाउन लागला तेव्हा ‘दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे’ म्हणत रोल ट्वेंटी या ऑनलाइन खेळायच्या वेबसाइटवर गेलो आणि तिथेच मुक्काम पडला. एक जण बंगळूरला गेला, एक डब्लिनला. गेल्या महिन्यात योगायोगाने सगळे पुण्यात होते, तेव्हा पुन्हा टेबल मांडलं. गंमत म्हणजे पहिला अर्धा तास कोणी कोणाचं बोलणं तोडेचना! जो तो समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत बसलेला. एकाने तर बोलण्याआधी नकळत टेबलावर बोट दाबलं, माइकचं बटण दाबावं तसं. तासाभराने गाडी रुळावर आली. गोष्टीत एक जण चेटकिणीशी वाटाघाटी करतोय, दोघं शेजारी कुजबुजत तिच्याच कपाटाची चोरी ठरवतायत. पडद्यावर ही कुजबुज मरते, कारण तिथे एका वेळी एकच आवाज चालतो.

नवख्यांसाठी थोडक्यात: डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. तेव्हा अर्थातच टेबलाशिवाय पर्याय नव्हता. आता आहे. तुमचं काय, लिहा.

ठाणे, डीएम

मी टेबलावर खोटं बोलतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो आणि गरज पडली तर वेगळाच आकडा सांगतो. भाचीचं पहिलंच सेशन, तिची जादूगारीण लेव्हल एकची, हिट पॉइंट, म्हणजे जीव, फक्त आठ. गॉब्लिनचा पहिलाच वार आणि फासा पडला वीस! म्हणजे इजेचे फासे दुप्पट, पोरगी पहिल्या दहा मिनिटांत आडवी. मी तोंड सरळ ठेवून म्हणालो, “सतरा. लागला. पाच गेले.” ती अजून खेळते. ऑनलाइन फासा सगळ्यांसमोर गडगडतो, तिथे देवसुद्धा वाचवू शकत नाही.

नाशिक

दादा, डीएमला लपवून रोल करायची सोय आहे की तिथे. ‘जीएमरोल’ टाइप करा, फक्त तुम्हालाच दिसेल.

ठाणे, डीएम

ठाऊक आहे हो. पण त्याला आवाज नाही. आडोशामागे खडखडाट झाला की पाचही जण एकदम गप्प होतात. मी कधी कधी उगाचच टाकतो, काही कारण नसताना, आणि नुसतं “हं” म्हणतो. त्या ‘हं’वर पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या टोळीने, एका रिकाम्या खोलीत चाळीस मिनिटं घालवली आहेत.

एडिसन, न्यू जर्सी

कॉलेजची गँग पुण्यात, मी इथे. ऑनलाइन नसतं तर माझा खेळ २०१६ मध्येच संपला असता. त्यांचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझी भर दुपार, बारा. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यांचे तेच साडेनऊ माझे अकरा होतात. पहिल्या वर्षी हे डोक्यातच आलं नाही. बाराला हसत हसत लॉगिन केलं तर माझा ड्वार्फ बार्बेरियन, म्हणजे बुटका रानटी योद्धा, पुलाखालच्या ट्रोलशी भिडून गेलेला! “तुझ्या वतीने आम्हीच खेळलो,” म्हणे. माझं पात्र पुढे घालायला बरे तयार असतात लेकाचे.

इथल्या दुकानातही दर गुरुवारी टेबलावर खेळतो. माणसं छान, पात्रांच्या छोट्या मूर्ती रंगवलेल्या, नकाशे देखणे. पण इंग्रजीत माझा ड्वार्फ फारच सभ्य वागतो. शनिवारी पुण्याच्या गँगमध्ये तोच ड्वार्फ सातारी बोलायला लागला की सरायवाल्याकडून उधारी काढतो.

लातूर

इथे टेबलच नाही, तर तुलना कशाशी करू? नियमांची मोफत पीडीएफ वाचली, फासे नव्हते म्हणून स्टीलच्या ग्लासात एक ते वीसच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चुलतभावाला बसवलं. त्याला वाटलं भिशी आहे. नंतर ऑनलाइन गट मिळाला. मग फाउंड्री हे आपल्याच कॉम्प्युटरवरून खेळ चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं, एकदाच पैसे आणि तेही फक्त डीएमचे, म्हणून. पण आमच्या नेटवाल्याने इंटरनेटचा एकच पत्ता पन्नास घरांत वाटलेला, बाहेरच्यांना माझ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचताच येईना. शेवटी भाड्याचा सर्व्हर घेतला. त्यात लाइट गेली की इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे लढाईतल्या क्रमात, माझी पाळी येईपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर धावाधाव.

डोंबिवली

ऑनलाइन नकाशावर भिंती आखायच्या, दारं बसवायची, मशालीचा उजेड किती फुटांपर्यंत ते भरायचं. चार तास जातात. आणि पार्टी म्हणते, आपण गुहेत नको, गावात जाऊ. घरी असते तर पांढऱ्या शीटवर मार्करने चार रेघा मारल्या असत्या. आमच्याकडे शेंगदाणे म्हणजे गॉब्लिन. मारला की ज्याने मारला त्याने खायचा.

पुणे, नाव नको

वरचं सगळं वाचलं. धागाकर्त्यांना जी कुजबुज आवडते, तिच्यामुळेच मी टेबल सोडलं. मला उजव्या कानाने फार कमी ऐकू येतं. कॅफेत मिक्सर चालू, पाच जण एकदम बोलतायत आणि मी अंदाजाने हसतेय. नेहमी उजवी बाजू भिंतीकडे करून बसायचे, तरी निम्मी गोष्ट निसटायची. एकदा डीएमने “दार उघडू नका” असं तीनदा सांगितलं म्हणे. मी उघडलं. सगळ्यांना वाटलं, हिचं पात्रच बेफिकीर! ते तसंच चालू दिलं, सांगायची लाज वाटली.

ऑनलाइन हेडफोनमध्ये एका वेळी एक आवाज, आणि डीएम महत्त्वाची नावं चॅटमध्ये टाकतो. दोन वर्षं झाली, माझं पात्र, एक रेंजर म्हणजे रानवाटा जाणणारी योद्धा, आता फार सावध आहे. जुन्या गटाला वाटतं मी सुधारले.

धागाकर्ता

ताई, आमच्यातला एक जण दर वेळी त्या भिंतीकडच्या खुर्चीसाठी भांडतो. त्या दिवशीही भांडला. आम्ही त्याला ‘कोपरेकर’ म्हणून चिडवतो. आज रात्री फोन करतो त्याला.